कारखाना विकतोय, दोन ऑफर आल्यात. कोणती धरावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं सीएनसी मशिनिंगचं छोटं युनिट आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग-बोअरिंग करून, म्हणजे बाहेरून तासून आणि आतलं भोक मापाला आणून, पुढे देतो. चार मशिन, अकरा माणसं. मणक्याच्या ऑपरेशननंतर उभं राहून काम होत नाही, मुलीला यात यायचं नाही. म्हणून विकायचं ठरवलंय.

पहिली ऑफर १ कोटी ७० लाखांची. अख्खा धंदा चालू स्थितीत, माणसांसकट, येणी-देणी त्यांच्याकडे. पण हातात १ कोटीच. उरलेले ७० लाख दोन वर्षांत, तेही उलाढाल आताएवढी टिकली तर.

दुसरी १ कोटी ३५ लाख, एकरकमी. त्यांना फक्त प्लॉट आणि मशिन हवीत. बाजारातली २२ लाखांची येणी मी वसूल करायची, कामगारांची ग्रॅच्युइटी आणि भरपाईही माझ्याकडे. सीए म्हणतात, एकगठ्ठा विकलं तर स्लम्प सेल होतो, धंदा जुना असल्यामुळे नफ्यावर १२.५ टक्के कर. सुटी मशिन विकली तर त्यांवर घसारा घेतलेला असल्याने नफा अल्पकालीन धरतात, तिथे हा दर मिळत नाही.

हिशोब कसाबसा मांडता येतो. पण आमचा जुना ऑपरेटर एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. गेज लावायच्या आधी बोअरची कड अंगठ्याने चाचपून सांगतो, 'साहेब, अजून एक कट लागंल.' त्याला घरी जा म्हणायला जीभ रेटत नाही. त्या ७० लाखांवर कितपत विसंबावं?

प्रतिसाद: दादा, इचलकरंजीत आमची लूमची शेड विकली तेव्हा १८ लाख असेच उलाढालीवर ठेवले होते. नव्या मालकाने ऑर्डरी स्वतःच्या दुसऱ्या फर्मच्या बिलावर वळवल्या. आम्हाला ५ मिळाले. तुमची गिऱ्हाइकं नावानिशी करारात घाला, माल कुठल्याही बिलावर गेला तरी मोजायचा असं लिहा, जीएसटी रिटर्न बघायचा हक्क घ्या. ७० पैकी निम्म्याला तरी बँक गॅरंटी मागा. कां-कूं केली तर ती ऑफर १ कोटीचीच समजा. माणसं ठेवणार हेही तोंडी नको, सेवा जुन्या तारखेपासून धरून लिहून घ्या. आणि प्लॉट एमआयडीसीच्या लीजवर असणार, हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क कोणाकडे, ते इसार घ्यायच्या आधी ठरवा.

धागाकर्ता: मनापासून आभार. गॅरंटीचं उद्याच विचारतो, काय म्हणतात ते इथे लिहीन.