आजीच्या बियाण्यावर आठशे कोटी माणसं जेवतील का?

खाजणकाठ

परवा इथे एका ताईंनी लिहिलं, "पणजीच्या काळात कोकण आपल्याच शेतावर पोटभर जेवत होतं. युरिया आला आणि रोग आले. उद्यापासून सगळ्यांनी रसायनं सोडली तर जगाला पुरेल एवढं विषमुक्त धान्य पिकेल." खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवलं नाही.

कोकण पोटभर कधी जेवत होतं हो? आमची आजी भात शिजवायची सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. एरवी नाचणीची भाकरी, वरी आणि कुळथाची पिठी. श्रावणात कणगी खरवडायची वेळ यायची, मग वाण्याची उधारी, आणि ती फिटायची आजोबांची गिरणीतून मनीऑर्डर आली की. मुंबईतही जो तांदूळ ते खायचे त्यातला बराच ब्रह्मदेशातून यायचा. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो बंद झाला. शेतावर भागत असतं तर बाप्ये माणसं लालबाग-परळच्या एका खोलीत पंधरा-पंधरा जण का राहिली असती?

आता जगाचं. हवेतल्या नत्रापासून अमोनिया, म्हणजे युरियाचा कच्चा माल, बनवणारा पहिला कारखाना १९१३ साली जर्मनीत सुरू झाला. आज जगातली साधारण निम्मी माणसं त्या नत्रावर पिकलेलं खातात. २०२२ च्या नोव्हेंबरात आपण ८०० कोटी झालो, २०५० पर्यंत साडेनऊशेच्या वर जाऊ. एवढं शेण कुठून आणणार? श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतं एका फटक्यात बंद केली. भात कोसळलं, चहाला फटका बसला, नोव्हेंबरात बंदी मागे घेतली आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. हे आपल्या डोळ्यांसमोर घडलंय.

बागेतली सून

ती पोस्ट माझीच. तुम्ही आजीचं सांगितलंत, मी दिराचं सांगते.

आमची हापूसची बाग आहे. २०१९ चा मोहर. तुडतुडे नेहमीच्या औषधाला दाद देईनात म्हणून दिराने ड्रममध्ये दोन औषधं एकत्र केली, बांबूने ढवळली, तोंडाला पंचा गुंडाळला आणि फवारणीची गन घेऊन कलमावर चढला. वारा फिरला, सगळा फवारा अंगावर. संध्याकाळी तोंडातून लाळ, घामाने अंथरूण भिजलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. रात्रभर अट्रोपिनची, म्हणजे त्या विषावरच्या उताऱ्याची, इंजेक्शनं चालू होती, म्हणून वाचला. औषध विकणाऱ्याने ना हातमोजे दिले ना मास्क, ना काय कशात मिसळू नये ते सांगितलं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारताना शेतकरी मेले, तेही डोळ्यांसमोरच घडलं ना?

आणि जग पिकत नाही म्हणून उपाशी नाही. २०२२ साली घरं, हॉटेलं, दुकानं मिळून १०५ कोटी टन अन्न कचऱ्यात गेलं, संयुक्त राष्ट्रांचाच आकडा आहे. अमेरिकेतल्या मक्याचा तिसरा हिस्सा तरी इंधनात जातो. आधी ते थांबवा, मग मला युरियाचे पाढे शिकवा. युरोपने २०१४ मध्ये आपला हापूस विषापायीच अडवला होता, हेही विसरू नका.

परड्यातलो

ह्यां सगळां खरां, पण तुम्ही दोघांयनी माकडांचा नाव काढूक नाय. गेल्या पावसात परड्यात भुईमूग घातलंय, दोडकी वेलार चढवलंय. एक दिवस तेराव्याक गेलंय, परत येऊन बघतंय तर आख्खी टोळी बसलेली. शेंगा उपटून टाकलेल्यो, दोडकी एकेक चावो घेऊन फेकलेली. युरिया घाला नायतर शेण घाला, घरात काय येतला? आमच्या वाडयेत नाचणी करणारा एकव घर ऱ्हवला नाय.

चाकरमानी

माकडं गावात का आली याचा विचार करा. डोंगर उघडे करून रबर आणि काजू कोणी लावला? त्यांचं खाणं आपण तोडलं.

परड्यातलो

डोंगर विकलो कोणी? मुंबैत बसून सात-बारावर सह्यो करणाऱ्यांनी. तुम्ही मे म्हयन्यात आठ दिवस येतास, माकडांक केळी घालून फोटो काढतास आणि जातास. मगे दहा म्हयने ती केळी मागूक आमच्या पडवीत येतत.

चाकरमानी

सरसकट बोलू नका. आमची जमीन आम्ही विकलेली नाही.

परड्यातलो

विकलास नाय, पण कसतास खंय? पडीक ठेवलास. रान माजला, रानडुकरां थयच बसतत आणि रातची माझ्या भातात. तुमच्या पडीक जमिनीचो दंड मी भरतंय.

घाटमाथा

सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतात. माड सोंडेने आडवा करतात. एक माड फळाला यायला सात-आठ वर्षं लागतात. भरपाईसाठी पंचनामा, फोटो, फेऱ्या, आणि मिळतात त्या पैशात नवी रोपं आणि मजुरीही निघत नाही. माझ्या मामाने शेवटी बागेत जाणंच सोडलं. माणसाने पिकवायचंच सोडलं तर जग कोण जेवू घालणार?

चाकरमानी

पडीकचं मान्य करतो. भावांत वाटण्या झालेल्या नाहीत, सात-बारावर सतरा नावं आहेत. एकाची सही मिळाली नाही तर जमीन कसायला देता येत नाही. पण केळी आम्ही कधी घातली नाहीत.

खाजणकाठ

सूनबाई, आधी एक चूक दुरुस्त करतो. २०१४ मध्ये युरोपने आंबा अडवला तो फळमाशी सापडली म्हणून, औषधाच्या अंशामुळे नव्हे. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली.

पण दिराचं वाचून रात्री झोप लागली नाही. तुमचं बरोबर आहे, गनवाल्या माणसाचा जीव कोणाच्या हिशेबातच नाही. वाया जाणाऱ्या अन्नाचंही बरोबर. फक्त तिकडच्या हॉटेलात वाचलेलं ताट माझ्या गावच्या कणगीत येत नाही. इथे पिकवावंच लागेल.

खत किती यापेक्षा ते कुठे जातं, भांडण त्यावर व्हायला हवं. आपल्याकडे पाऊस असा कोसळतो की सकाळी फेकलेला युरिया दुपारी वहाळाला लागतो. मी भाताची चारसूत्री पद्धत करतो. तूस जाळून त्याची राख रोपवाटिकेत, गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत, दोरी धरून १५ आणि २५ सेंटीमीटरवर लावणी, आणि चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांची एक गोळी हाताने चिखलात चार बोटं खोल. गोळी तिथेच हळूहळू विरघळते, मुळं खातात, पाण्याबरोबर फारसं जात नाही. त्याच खाचरात मी पूर्वी दोन पोती युरिया फेकायचो, आता एकाहून कमी लागतो आणि भात जास्त येतं. वाकून वाकून कंबर मोडते, तेही सांगतो.

बागेतली सून

फळमाशीचं मान्य, मी चुकले. गोळीचंही ऐकून घेते, पण ते भाताचं झालं. कलमाला गोळी नाही, कलमाला गनच आहे. मोहरापासून काढणीपर्यंत किती फवारण्या होतात ते बागेत राहणाऱ्यालाच माहीत. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते बाटलीवर मुंगीएवढ्या अक्षरात, आणि बाजारात लवकर गेली ती पेटी महाग. कोण थांबतं? आम्ही गेल्या वर्षी थांबलो, पहिला भाव गेला. तो तोटा कोणी भरून दिला नाही.

तुम्ही "रसायनं पाहिजेत" म्हणता तेव्हा दुकानदाराला फक्त तेवढंच ऐकू जातं.

खाजणकाठ

हे शेवटचं वाक्य लागलं. पुढच्या वेळी लिहिताना ध्यानात ठेवीन.

परड्यातलो

आणि माकडां?

खाजणकाठ

भाऊ, माझ्याकडे उत्तर नाही. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीवरची नाचणी मीही चार वर्षांपूर्वी सोडली, माकडांमुळेच. घराजवळच्या खाचरात भात राहिलंय, कारण आई दिवसभर पडवीत डबा वाजवत बसते. तिचं वय आता ७८ आहे.