फाल्गुनरावांचा चाहता झालो आहे, आता पुढे काय करावे?

गंगापूररोडकर:
गेल्या रविवारी आपल्या नाशिकच्या कालिदास कलामंदिरात एका हौशी संस्थेने केलेला गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’चा प्रयोग पाहिला. खरे सांगायचे तर मी अश्विनशेठच्या ‘मृगनयना’ या पदासाठी गेलो होतो आणि परतलो तो फाल्गुनरावांची, म्हणजे त्यातल्या संशयी नवऱ्याची, भूमिका करणाऱ्या नटाचा चाहता होऊन. बायकोच्या, कृत्तिकेच्या, हातात परक्या पुरुषाची तसबीर पाहताच या गृहस्थांनी तपकिरीची चिमूट नाकापर्यंत नेली आणि तशीच धरून ठेवली. हशा उसळला, ओसरू लागला, पुन्हा उसळला, तरी चिमूट जागची हलेना. अखेर ती न ओढताच त्यांनी डबीत परत टाकली आणि मगच तोंड उघडले.

सिनेमातला नट आवडला तर त्याचे चित्रपट पुन्हा पाहता येतात. इथे पडदा पडला की सारे संपले. प्रयोगानंतर रंगपटाच्या दारापर्यंत गेलो होतो, ते आरशासमोर बसून मिशा उतरवत होते, पण काय बोलावे ते न सुचल्याने तसाच मागे फिरलो. अशा वेळी नटाला भेटावे का? आणि मी भाळलो तो नेमका कोणावर, नटावर की देवलांच्या फाल्गुनरावावर?

विंगेतला:
अवश्य भेटा. मी बरीच वर्षे पडद्यामागे काम केले आहे, म्हणून एवढेच सुचवतो की ‘छान झाले’ म्हणून निघून येऊ नका, कारण ते त्यांनी त्या रात्री पन्नास वेळा ऐकलेले असते. तपकिरीची जागा सांगा. हशा पूर्ण ओसरण्याआधी पुढचे वाक्य घेतले तर ते वाया जाते आणि फार उशिरा घेतले तर प्रसंग थंड पडतो, म्हणून विनोदी नटाचा एक कान कायम प्रेक्षागृहाकडे असतो. तुम्ही पाहिलेली ती चिमूट तालमीत मोजूनमापून बसवलेली असणार, याबद्दल मला शंका नाही.

पंचवटीकर:
मी थोडा वेगळा विचार मांडतो. हे नाटक संगीत रूपात 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हा गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला होता. त्याआधी देवलांनी हेच कथानक गद्यात लिहिले होते, आणि त्याचे मूळ शोधत गेल्यास आपण फ्रेंच नाटककार मोलिएरपर्यंत पोहोचतो. इतक्या हातांतून तावूनसुलाखून आलेला प्रसंग बेताच्या नटालाही हशा मिळवून देतो. तेव्हा आधी सावानातून (सार्वजनिक वाचनालयातून) संहिता आणून वाचावी, म्हणजे देवलांचे किती आणि नटाचे किती, याचा हिशेब आपोआप लागेल. (नाटकाचे पुस्तक वाचण्याची सवय आपल्या गावात पुन्हा लागली, तर मला वैयक्तिक आनंदच होईल.)

मखमली पडदा:
पंचवटीकरांशी मी अर्धीच सहमत आहे. आपल्या नाशिकच्या वसंत कानेटकरांचे ‘लेकुरे उदंड जाहली’ घ्या. त्यातली गाणी संवादातूनच फुटतात आणि पुन्हा संवादात विरतात, त्यामुळे तिथे नुसता गाणारा किंवा नुसता बोलणारा नट पुरत नाही. श्रीकांत मोघ्यांचे नाव त्या नाटकाशी कायमचे जोडले गेले ते उगाच नव्हे. संहिता कितीही भक्कम असली तरी तीन तास ती अंगावर वागवणारा माणूसच असतो. आपण प्रयोग पुन्हा पाहावा, मात्र या वेळी तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसावे.

गंगापूररोडकर:
सर्वांचे आभार. काल धीर करून त्यांच्या तालमीला गेलो आणि विंगेतला यांच्या सल्ल्याप्रमाणे थेट तपकिरीवर आलो. ते इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. एरवी डबीत कॉफीची पूड असते. त्या दिवशी कोणीतरी हौसेने खरी तपकीर भरून ठेवली होती. चिमूट नाकाशी नेल्यावर वास आला, आता ओढली तर शिंकांपुढे पुढचा सगळा प्रवेश वाहून जाईल हे त्यांच्या लक्षात आले आणि काय करावे ते न सुचून ते थांबले. हशा का येतो आहे, हे त्यांनाही क्षणभर कळले नव्हते म्हणे. आता दिग्दर्शकांनी ती जागा कायम ठेवली आहे, फक्त डबीत पूड कॉफीचीच असावी, अशी त्यांची अट आहे. पुढच्या प्रयोगाची दोन तिकिटे मी सांगून ठेवली आहेत, तिसऱ्या रांगेतली.