पुन: पुन: किल्ले स्पर्धा – नाशिकच्या सर्व्हरला जोडणी मिळत नाही

प्रेषक: क्रीडा समिती

मंडळी, सप्रेम नमस्कार.

परवाच्या सरावात जे झाले ते प्रत्यक्ष स्पर्धेत होऊ नये, म्हणून तातडीने लिहीत आहे. इकडच्या, लंडनच्या अकरा मुलांपैकी एकालाही आबांच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर, म्हणजे विटा रचण्याचा हा खेळ ज्या संगणकावर चालतो त्यावर, प्रवेश मिळाला नाही. पाऊण तास पडद्यावर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ एवढेच येत राहिले. त्याच वेळी नाशिकला आबांची तिन्ही नातवंडे आत शिरून रामशेज किल्ल्याचा बुरूज रचत होती आणि व्हिडिओ कॉलवर तो आम्हाला दाखवतही होती, त्यामुळे इथे झालेली रडारड मी सांगायला नको. गणपतीतही हेच झाले होते आणि तेव्हा ‘राउटर बंद करून चालू केला की होईल’ असे ठरले होते. येत्या रविवारच्या आत कायमचा उपाय व्हावा, ही विनंती.

प्रेषक: आबा, गंगापूर रोड, नाशिक

क्रीडा समितीस अनेक आशीर्वाद.

माझ्याकडून कसूर झालेली नाही, हे आधी नोंदवतो. सर्व्हरच्या संगणकाला राउटरमधून १९२.१६८.०.४० हा कायमचा पत्ता नेमून दिला आहे, २५५६५ हे पोर्ट (खेळाच्या जोडणीच्या दाराचा क्रमांक) त्याच पत्त्याकडे वळवले आहे, संगणकाच्या फायरवॉलमध्ये (बाहेरची जोडणी अडवणाऱ्या पहाऱ्यात) त्या पोर्टाला परवानगी दिली आहे, आणि हे सर्व केल्यावर राउटर दोनदा बंद करून चालूही केला आहे. ‘माझा पत्ता काय’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर जो आकडा दिसला तोच मी सर्वांना कळवला होता. घरातून जोडणी उत्तम चालते. नातवाने वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावरून करून पाहिले, तेव्हा मात्र त्यालाही प्रवेश मिळाला नाही. दोष तुमच्याकडच्या राउटरांत असावा असे मी म्हणणार होतो. नातवाच्या या प्रयोगामुळे तो मुद्दा मागे घेतो.

प्रेषक: सहसचिव

आबा, नमस्कार. मला तर हे अगदी साधे वाटते. राउटरमध्ये डीएनएस बदलून ८.८.८.८ करावा, यूपीएनपी चालू करावे, आणि तरीही न झाल्यास सर्व्हरचा संगणक सरळ डीएमझेडमध्ये ठेवावा. माझ्या मुलाच्या एक्सबॉक्सवर ‘नॅट स्ट्रिक्ट’ (बाहेरच्या जोडणीला अडथळा आहे) असे दिसत होते, ते यूपीएनपी चालू केल्यावर गेले. गणपतीनंतर मी हेच लिहिले होते, पण त्या पत्राला कुणी उत्तर दिले नव्हते.

प्रेषक: संकेतस्थळ समिती

आबा, नमस्कार. सहसचिवांचाही मान राखून लिहिते, पण सुचवलेल्या तिन्ही गोष्टींनी हा प्रश्न सुटणार नाही. डीएनएस नावावरून आकडा शोधून देतो. मुले तर आकडाच टाकत होती, म्हणजे त्याचे कामच तिथे नव्हते. यूपीएनपीने राउटर स्वतःहून पोर्ट उघडतो, आणि ते आबांनी हाताने आधीच उघडले आहे. डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारे सारेच त्या एका संगणकाकडे सोडणे, आणि बाहेरचे मुळात आबांच्या राउटरपर्यंत पोहोचतच नसेल तर त्याचाही उपयोग नाही.

आबा, आपण एवढेच पाहावे. राउटरच्या पानावर ‘स्टेटस’ किंवा ‘वॅन’ (बाहेरच्या बाजूची जोडणी) नावाचा भाग असतो, त्यात लिहिलेला पत्ता आणि संकेतस्थळाने दाखवलेला पत्ता एकच आहे का? तो ‘१९२.१६८.’ किंवा ‘१०.’ ने सुरू होत असेल, तर आपल्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर बसलेला आहे. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल, तर तो दुसरा राउटर आपल्या घरात नसून नेट पुरवणाऱ्यांच्या कार्यालयात आहे आणि आपण अनेक घरांबरोबर एकच सार्वजनिक पत्ता वाटून वापरत आहात. आयपीव्ही ४ या नेटवरच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपला, आणि २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा हा पट्टा याच वाटपासाठी राखून ठेवण्यात आला.

वाड्याचे उदाहरण देते. वाड्याला दिंडी दरवाजा एकच. आतल्या बिऱ्हाडाने बाहेर पत्र पाठवले तर दरवाज्यावरचा माणूस त्याची नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर त्याच बिऱ्हाडात नेऊन देतो. म्हणून आपले व्हिडिओ कॉल बिनबोभाट चालतात. पण बाहेरून कुणी अनाहूत आले आणि नुसते वाड्याचे नाव सांगू लागले, तर ते कोणत्या बिऱ्हाडाचे पाहुणे हे त्या माणसाला ठाऊक नसते, आणि तो त्यांना दारातूनच परत लावतो. पोर्ट वळवणे म्हणजे ‘या नावाचे पाहुणे आले तर माझ्याकडे पाठवा’ असे त्याला सांगून ठेवणे. आपण ते सांगितले आहे, पण माझी शंका अशी की ते आतल्या चौकातल्या माणसाला सांगितले, दिंडी दरवाज्यावरच्या माणसाला नाही.

तपासताना मोबाइलच्या डेटावरूनच तपासावे. घरात बसून बाहेरचा पत्ता टाकला तर काही राउटर ती जोडणी आत वळवून घेत नाहीत, आणि सगळे नीट असूनही बिघाड आहे असे वाटते. नातवाने योग्य तेच केले.

प्रेषक: सहसचिव

मग माझ्या मुलाचे ‘स्ट्रिक्ट’ यूपीएनपीने कसे गेले, हे कृपया सांगावे. शिवाय आता धाकट्यालाही एक्सबॉक्स घेतला आहे आणि दोघांपैकी एकाचेच ‘ओपन’ राहते.

प्रेषक: संकेतस्थळ समिती

तुमच्याकडे दारावरचा माणूस एकच आहे आणि तो तुमच्या घरातला आहे, म्हणून गेले. एक्सबॉक्स यूडीपी ३०७४ हे पोर्ट वापरतो, आणि एक पोर्ट एका वेळी एकाच यंत्राकडे वळवता येते. हाताने वळवलेले असेल तर ते काढून टाका आणि यूपीएनपीच राहू द्या. दुसऱ्या यंत्राच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पर्यायी पोर्ट निवडता येते, ते निवडा. यापुढचे मला वेगळ्या पत्रात विचारावे. इथे आबांचा प्रश्न आधी.

प्रेषक: कोषाध्यक्ष

सर्वांना नमस्कार. गणपतीच्या वेळी ‘स्वतंत्र पत्ता विकत घ्यावा’ अशी सूचना तोंडी आली होती. तशी सूचना पुन्हा येण्याआधीच कळवतो की, कार्यकारिणीच्या मंजुरीवाचून दरमहाचा कोणताही नवा खर्च मंडळ उचलू शकत नाही, आणि भारतातील पावती मंडळाच्या नावाने मिळणार नाही, ही अडचण वेगळीच.

प्रेषक: सहसचिव

खर्च करायचाच असेल, तर सर्व्हर इकडेच भाड्याने घेतलेल्या यंत्रावर का हलवू नये? नाशिकची मुले तीन, इकडची अकरा. सर्व्हर इथे आला तर अकरा जणांचा पिंग (संदेश सर्व्हरला जाऊन परत येण्याचा वेळ) वीस-तीस मिलिसेकंदांवर येईल. आबांच्या घरी वीज गेली की स्पर्धा थांबते, तेही टळेल.

प्रेषक: क्रीडा समिती

सर्व्हर हलवण्यास माझा विरोध आहे. आजोबांच्या घरातल्या संगणकावर किल्ला बांधायचा, यातच मुलांना मौज आहे. आणि पिंगचे म्हणाल, तर अंतर काही केल्या मिटत नाही. नाशिक ते लंडन सरळ रेषेतही सुमारे सात हजार किलोमीटर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येण्यालाच ७० मिलिसेकंद लागणार, आणि समुद्राखालच्या केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरात तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा तर वाहतूक आणखी लांबच्या वाटेने वळवावी लागली. सर्व्हर इकडे आणला तर तोच विलंब नाशिकच्या तीन मुलांच्या वाट्याला जाईल, एवढाच फरक. गोळीबाराच्या खेळात दीडशेचा पिंग घातक ठरतो. विटा रचताना तो सोसतो. आपली तक्रार विलंबाची कधीच नव्हती, दार न उघडण्याची होती.

प्रेषक: आबा, गंगापूर रोड, नाशिक

संकेतस्थळ समितीस आशीर्वाद. आपले निदान दोन्ही अंगांनी खरे ठरले. सविस्तर लिहितो.

राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १९२.१६८.१.७ असा होता. मला उलगडा होईना, म्हणून बॅटरी घेऊन तारेचा माग काढला. फायबरची पिवळी तार खिडकीतून आत येऊन देवघराच्या मागे भिंतीवर ठोकलेल्या पांढऱ्या डब्यात जाते आणि तिथून निघालेली निळी तार चिरंजीवांनी आणलेल्या राउटरला मिळते. तो पांढरा डबा नुसता फायबरचे नेट करणारा डबा आहे, अशी माझी चार वर्षांची समजूत होती. तो स्वतःच एक राउटर निघाला आणि त्याचे वायफायही चालू होते. म्हणजे मी पोर्ट उघडले ते आतल्या चौकात, हे शब्दशः खरे.

नेटवाल्या मुलाला बोलावले. तो स्कूटरवरून आला आणि जिना चढताचढताच, ‘आजोबा, गेम का?’ असे विचारले. त्याने पांढरा डबा ब्रिज मोडमध्ये टाकला, म्हणजे तो राउटर न राहता नुसता जोडणी पुढे देणारा झाला, आणि पीपीपीओईचे (नेटवाल्यांकडे जोडणी करण्याचे) नाव व पासवर्ड आमच्या राउटरमध्ये भरायला सांगितले. पासवर्ड त्याच्याकडे नव्हता; तो मी चार वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवला होता आणि ते कॅलेंडर सौभाग्यवतींनी फडताळात कागद म्हणून अंथरले होते. डबे खाली उतरवून तो वाचला. जोडणी झाली, वॅनचा पत्ता बदलला, आणि आता तो १००.७२ ने सुरू होतो. आतला पहारेकरी गेला, दिंडी दरवाज्यावरचा उरला. त्या मुलाने स्पष्टच सांगितले की, हा दरवाजा त्याच्या हातात नाही. स्वतंत्र पत्ता हवा असल्यास अर्ज करून दरमहा वेगळे भाडे भरावे लागते.

सहसचिवांच्या माहितीसाठी: दोन्ही डबे आता इन्व्हर्टरवर आहेत.

प्रेषक: संकेतस्थळ समिती

आबा, आपली चिकाटी पाहून संकोच वाटला. पैसे भरण्याआधी एक करून पाहू. राउटरमध्ये आयपीव्ही ६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, चालू आहे का ते बघावे. त्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नसल्याने प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो आणि वाटून घेण्याचा प्रश्नच येत नाही. फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या संगणकासाठी २५५६५ ला आत येण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते, कारण पूर्वीची पोर्ट वळवण्याची नोंद इथे चालत नाही. मात्र पाहुण्याच्या घरीही आयपीव्ही ६ असायला हवे.

प्रेषक: क्रीडा समिती

काल रात्री सर्वांनी करून पाहिले. अकरांपैकी सात मुले आत गेली. सहसचिवांची दोन्ही मुले आणि आणखी दोन घरे बाहेर राहिली.

प्रेषक: सहसचिव

माझ्या घरी आयपीव्ही ६ नाही, हा माझा दोष नव्हे. सात मुलांनी खेळावे आणि चौघांनी बघावे, असे ठरत असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

प्रेषक: आबा, गंगापूर रोड, नाशिक

वाद नको. स्वतंत्र पत्त्यासाठी आज सकाळी अर्ज दिला आणि दुपारी तो मिळालाही. एका महिन्याचे भाडे मी भरले आहे. कोषाध्यक्षांनी त्याची चिंता करू नये, मी पावती पाठवणार नाही. वॅनवरचा आणि संकेतस्थळावरचा पत्ता प्रथमच एक दिसला. नातवाने गच्चीवर जाऊन मोबाइलच्या डेटावरून जोडणी केली आणि तिथूनच ओरडून सांगितले. शेजाऱ्यांनाही ते कळले.

प्रेषक: कोषाध्यक्ष

आबांचा मोठेपणा मान्य आहे. परंतु देणगी असली तरी तिची नोंद व्हावी लागते. कृपया पावती पाठवावी.

प्रेषक: संकेतस्थळ समिती

आबा, पावतीच्या आधी एक काम. आता दरवाजा साऱ्या जगाला उघडा आहे आणि २५५६५ वर कोण आहे हे चाचपडत फिरणारे प्रोग्रॅम सतत चालू असतात. सर्व्हरच्या खिडकीत ‘व्हाइटलिस्ट ऑन’ (यादीतल्या नावांनाच प्रवेश) ही आज्ञा द्यावी आणि चौदा मुलांची खेळातली नावे एकेक करून घालावीत. इतर कोणतेही पोर्ट उघडू नये आणि आधी काही डीएमझेडमध्ये ठेवले असेल तर ते काढावे. आयपीव्ही ६ ची परवानगी राहू दिली तरी चालेल, व्हाइटलिस्ट तिलाही लागू पडते.

प्रेषक: आबा, गंगापूर रोड, नाशिक

व्हाइटलिस्ट केली. नोंदवहीत रात्रीतून दोन अनोळखी नावे येऊन परत गेलेली दिसली, म्हणजे आपले म्हणणे खरे होते. रामशेजने औरंगजेबाच्या फौजांना काही वर्षे दाद दिली नाही. आमच्या किल्ल्याने निदान दोन रात्री तरी काढल्या. नाशिकची मुले रविवारी दुपारी अडीचला बसतील.

प्रेषक: क्रीडा समिती

आबा, साडेतीनला. रविवारी पहाटे इकडची घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे आमचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेतीन होतील.

प्रेषक: सहसचिव

गणपतीनंतरच्या पत्रात मी अडीचच लिहिले होते.

प्रेषक: क्रीडा समिती

ते पत्र सप्टेंबरातले होते. साडेतीन. आणि आपल्या दोन्ही मुलांची खेळातली नावे अजून आलेली नाहीत. त्याशिवाय आबा त्यांना व्हाइटलिस्टमध्ये घालू शकत नाहीत.