गेमिंगसाठी पीसी अपग्रेड केलात? फरक कशाने पडला ते लिहा

मंडळी, भाचा नौपाड्यात राहतो. बारावीची परीक्षा झाली की नवं ग्राफिक्स कार्ड, असं मी त्याला कबूल केलंय. सध्या त्याच्याकडे चौथ्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आहे. दुकानात विचारलं तर जो तो आपल्याकडचा माल पुढे करतो. म्हणून तुम्हाला विचारतोय: काय बदललंत, फरक कशाने पडला, पैसे कुठे वाया गेले? उत्तराच्या वर आपलं ठिकाण लिहा.

कोपरखैरणे
माझे पैसे घाईत वाया गेले. जुना प्रोसेसर रायझन ३ १२०० तसाच ठेवून आरटीएक्स ३०६० कार्ड बसवलं. गेम पूर्वीसारखाच अडखळायचा. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि कार्ड निम्मंही चालत नव्हतं. मदरबोर्ड बी४५०, त्यामुळे त्यावरच नवा प्रोसेसर रायझन ५ ५६०० बसला. मात्र जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. कूलर काढताना घात झाला. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळून दगड झालेली, मी कूलर सरळ वर ओढला आणि प्रोसेसर त्याला चिकटूनच सॉकेटमधून उपटून आला. चार पिना वाकल्या. तो प्रोसेसर धाकट्या भावाला द्यायचा होता. रिकाम्या पेन-पेन्सिलचं टोक एकेका पिनेवर चढवून, श्वास रोखून सरळ केल्या. चालला एकदाचा! तुम्ही आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग पीसी बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

घोडबंदर रोड
मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून आमच्या घरात धुळीला खळ नाही. कार्ड ८४ डिग्रीला जाऊन मंदावायचं, म्हणून मी नवंच घ्यायला निघाले होते. उघडलं तर हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींत राखाडी थर, बोटाने सोलून निघेल असा. साफ करून नवी पेस्ट लावली, आता ७० च्या आसपास असतं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, भरधाव फिरली तर पंखा खराब होतो.

नेरुळ
माझा प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, वेगळं कार्ड नाही. रॅमची ८ जीबीची दुसरी स्टिक घालून ड्युअल चॅनल केलं, म्हणजे दोन्ही स्टिक एकत्र चालतात. ग्राफिक्स रॅमवरच चालतात, त्यामुळे फरक लगेच दिसला. ३२०० वेगाची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करेपर्यंत २४०० वरच धावत होती, तेही बघा.

कळवा
एसएमपीएसबद्दल, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायबद्दल, कुणीच बोललं नाही. ३०६० एकटं १७० वॅट घेतं आणि त्याची कंपनी एनव्हिडिया ५५० वॅटचा सप्लाय सांगते. मी कॅबिनेटसोबत आलेल्या सप्लायवर चालवलं. गेम रंगात आला की पीसी धाडकन बंद. दुकानदार कार्डाला दोष देत राहिला, दोन फेऱ्या फुकट गेल्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेणार असाल तर बिलावर सिरियल नंबर लिहूनच घ्या.

कोपरी
१४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर महिनाभर ६० वर चालला. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये बदलावं लागतं. आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नाही, कार्डाला लावा.

खारघर
दादा, चौथ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. एवढं मोठं कार्ड त्या बोर्डावर नका चढवू.

आभार सगळ्यांचे. शनिवारी नौपाड्यात जाऊन गेम चालू असताना सीपीयू किती, कार्ड किती, तापमान किती ते बघतो आणि आकडे इथे टाकतो. कॅबिनेटही उघडेन, ब्रश सोबत नेतोय.