मदत हवी आहे: ईदच्या दिवशी जायला घर नाही (पुणे)

आधीच सांगतो, कुठला धर्म बरोबर यावर हा धागा नाही. त्यासाठी इथे पाचशे पाचशे प्रतिसादांचे धागे पडलेत. माझी अडचण वेगळी आहे.

वय 33, मूळचा साताऱ्याचा, नोकरी हडपसरला. गेल्या वर्षी जानेवारीत कलमा पढलो, मुसलमान झालो. त्याआधी दोन वर्षं मराठी कुराण वाचत होतो, एकटाच. "मुलगी कोण?" हे घरच्यांपासून ऑफिसखालच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. मुलगी कोणी नाही. असती तर निदान सासर तरी मिळालं असतं.

कलमा पढलो तो शुक्रवार. जुम्याच्या नमाजनंतर तीस-चाळीस जणांनी गळाभेट घेतली. कुणी अत्तराची कुपी दिली, कुणी टोपी. तेरा जणांनी नंबर घेतले. पहिल्या आठवड्यात दोघांचे फोन आले, महिन्यानंतर कुणाचाच नाही. दोष देत नाही, ज्याला त्याला आपापला संसार आहे.

मशिदीत जातो. सफेत, म्हणजे नमाजच्या रांगेत, खांद्याला खांदा लागतो, आणि नमाज संपली की पाच मिनिटांत सगळे पांगतात. बयान (प्रवचन) उर्दूत. विषय समजतो, विनोद समजत नाही, त्यामुळे सगळ्यांचं हसून होत आलं की मी हसतो. ओळख करून देताना "ये हमारे नौमुस्लिम भाई हैं", की समोरचा लगेच मला वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) शिकवायला घेतो. चौदा महिन्यांत वुजू पंधरा-सोळा वेळा शिकून झाला. जेवायला एकदाही कुणी बोलावलं नाही. मौलानांनी अब्दुल्ला नाव सुचवलंय. त्या नावाने हाक आली की ती मलाच आहे हे कळायला अजून वेळ लागतो.

यंदा (2025) 30 मार्चला पाडवा आणि लगेच 31 ला ईद. पाडव्याला माझा एकोणतिसावा रोजा होता. वर्षभरानंतर आईचा फोन आला, "जेवायला ये." सेहरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) करून पहाटेची एसटी पकडली. दारात गुढी, आत पुरणाचा वास. आईने ताट वाढलं आणि मी म्हणालो, संध्याकाळी जेवतो. आई काही बोलली नाही, ताटावर ताट झाकलं. बाबा मात्र अर्ध्या जेवणातून उठले. मला थांबवेना. निघताना आईने पुरणपोळ्या डब्यात घालून दिल्या, तुपाची वाटी वेगळी. मगरिब (सूर्यास्ताची, रोजा सोडायची वेळ) झाली तेव्हा गाडी खंबाटकीच्या गर्दीत अडकली होती. खजूर घ्यायचा राहिला होता, रोजा पुरणपोळीनेच सोडला. शेजारच्या काकांनी पाण्याची बाटली पुढे केली, तेवढंच. तेवढ्यात फोनवर चाँद मुबारकचे फॉरवर्ड सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी गोळीबार मैदानावर ईदची नमाज. खुतबा (नमाजनंतरचं प्रवचन) संपला आणि जो तो आपल्या माणसांना शोधून मिठ्या मारायला लागला. मी बराच वेळ चपला शोधल्या. चपला पायाशीच होत्या.

शिकवणारे खूप आहेत. मला एखादं घर हवंय, जिथे न कळवता गेलं तरी चालेल. पुण्यात मराठी बोलणाऱ्यांत असं काही आहे का? आणि आईचं काय करू?

गप्पिष्ट_काका
घर सोडताना हा विचार करायला हवा होता.

अब्दुल्ला_की_काय (धागाकर्ता)
काका, घर मी सोडलेलं नाही. म्हणून तर विचारतोय.

चिपळूणची_आपा
लेका, वाचून घशात आवंढा आला. आम्ही जन्माचे मुसलमान, तरी पुण्यात नवे होतो तेव्हा हेच. कोकणातले आम्ही शाफई, इथले बहुतेक हनफी, नमाजच्या रीती थोड्या वेगळ्या. आमच्याकडे आमीन मोठ्याने म्हणतात, इथे मनात. ह्यांनी पहिल्याच दिवशी मशिदीत खणखणीत आमीन म्हटलं आणि सगळी रांग बघायला लागली. घरी येऊन म्हणाले, मी उद्यापासून इथेच पढतो. पुढे एका शेजाऱ्यांनी चहाला बोलावलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आमच्या घरात मराठीच चालते, टीव्हीवरच्या भांडणासकट. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघ.

जुना_वाचक
दोन गोष्टी. 622 मध्ये मक्केहून माणसं मदिनेला आली, तेव्हा पैगंबरांनी एकेका मुहाजिराला (मक्केहून आलेल्याला) एकेका अन्सारीशी (मदिनेतल्या यजमानाशी) भाऊ म्हणून जोडून दिलं. सलमान फारसी तर इराणचे, मागे गोत नाही, त्यांना अबू दरदांशी जोडलं. इमामसाहेबांना याच शब्दांत सांगा, "मला एक घर जोडून द्या." नुसतं मार्गदर्शन करा म्हणालात तर पुस्तक हातात पडेल.

दुसरी गोष्ट आईची. अस्मा बिन्त अबू बक्र यांची आई मुसलमान नव्हती. ती भेटायला आली तेव्हा अस्मांनी पैगंबरांना विचारलं, नातं ठेवू का? उत्तर मिळालं, ठेव. आणि पहाटे फजरच्या आधी इतक्या लांबच्या प्रवासाला निघालेल्याला तो रोजा न धरता नंतर भरून काढण्याची मुभा असते. ताटावर बसता आलं असतं. वुजू शिकवणाऱ्या पंधरा जणांपैकी एकानेही हे सांगू नये, याचा मला राग आलाय.

अब्दुल्ला_की_काय (धागाकर्ता)
हे खरंच माहीत नव्हतं. आत्ताच आईला फोन केला. रोज्याचं काही बोललो नाही, पोळ्या तीन दिवस पुरल्या एवढंच सांगितलं. तुपाची वाटी कधी परत आणतोस म्हणाली.

भजीप्रेमी
मी हिंदू, हडपसरचाच. आमचा रविवारी पहाटे सिंहगड असतो, सहा जण. नमाजला थांबू की, कांदाभज्यांना अर्धा तास थांबतोच.

अब्दुल्ला_की_काय (धागाकर्ता)
रविवारी येतो. आपा, व्यनि मिळाला, शनिवारी संध्याकाळी चालेल का? येताना काय आणू?

चिपळूणची_आपा
साताऱ्याचा ना तू? कंदी पेढे आण. पाव किलो पुरे, ह्यांना साखर आहे.