संपाच्या काळात दुबईचं विमान पकडावं का?

धागाकर्ती, सिंहगड रोड

पुढच्या शुक्रवारी पुण्याहून दुबईला जायचं आहे. चार दिवस, मावसबहिणीच्या बाळाचं बारसं. प्रवास तीन-एक तासांचा, तिकीट दोन महिन्यांपूर्वीच काढलेलं. आता त्या विमान कंपनीच्या केबिन क्रूने संपाची नोटीस दिली आहे, पगार आणि विश्रांतीचे तास या दोन्हींवरून. मी तिकीट रद्द करायचं ठरवलंय. माझं मत असं की ज्यांचं अडणार नाही त्या सगळ्यांनी तेच करावं. संप मोडायला कंपनीला भरलेली विमानं लागतात आणि ती आपण भरतो. घरचे म्हणतात, तुझ्या एका सीटने काय होणार? तुम्हाला काय वाटतं?

हिंजवडीकर

अजिबात पटलं नाही. माझी आई 71 वर्षांची आहे, पुढच्याच आठवड्यात ती दुबईहून एकटी परत येतेय, त्याच कंपनीच्या विमानाने. तिने काय करायचं? मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने ऐनवेळी एकदम आजारी रजा टाकल्या आणि बरीच उड्डाणं रद्द झाली. आखातात नोकरीवर हजर व्हायला निघालेली माणसं विमानतळावर बसून राहिली. तीही कामगारच होती ना? भांडण मालकाशी आहे तर ते मालकाच्या दारात करा.

धागाकर्ती

आईची काळजी समजते. म्हणूनच ‘ज्यांचं अडणार नाही’ असं लिहिलं. पण तुमच्याच उदाहरणाचा शेवट बघा. कंपनीने 25 जणांना कामावरून काढलं होतं. 9 मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली आणि त्यांना परत घ्यायचं ठरलं. विमानं थांबली नसती तर ती बैठक इतक्या तातडीने झाली असती? ऑगस्ट 2025 मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांवर क्रूचा संप झाला, त्यातली मुख्य तक्रार ऐका: प्रवासी चढवणं, बॅगा लावून देणं, दरवाजे बंद होईपर्यंतचं जमिनीवरचं काम, या वेळेचा पगारच नाही. आपण सीट शोधत असतो तेव्हा हसून मदत करणारी मुलगी त्या वेळी फुकट राबत असते. हे वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

तिकीट एजंट, लक्ष्मी रोड

ताई, भावना चांगली आहे, पण स्वतःहून तिकीट रद्द करू नका. तुम्ही रद्द केलंत तर कॅन्सलेशनचे पैसे कंपनीच्याच खिशात जातात. कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पूर्ण रिफंड किंवा दुसरं विमान द्यावं लागतं. त्यावरची नुकसानभरपाई मात्र मिळणार नाही, कारण आपल्याकडच्या नियमांत संप ‘असाधारण परिस्थिती’त मोडतो. युरोपात उलट आहे. तिथल्या न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं की वैमानिकांनी पगारासाठी केलेला संप हा कंपनीच्या नेहमीच्या कारभाराचाच भाग आहे, भरपाई द्या. आपल्याकडे तसं असतं तर कंपन्या बोलणी इतकी ताणत बसल्या नसत्या.

हिंजवडीकर, आईंच्या परतीसाठी मुंबईला उतरणारी विमानं आत्ताच बघून ठेवा. लोहगावला, म्हणजे पुणे विमानतळावर, परदेशची विमानं मोजकीच, एक रद्द झालं की लगेच दुसरं नसतं. मुंबईहून पुढे कॅब आहेच.

एसटीवाल्याची मुलगी

मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. माझे बाबा कंडक्टर, आगार स्वारगेट. एसटीच्या संपात, नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022, जवळजवळ साडेपाच महिने आमच्या घरात पगार नव्हता. आईने पोळ्यांची कामं धरली. माझी कॉलेजची फी मामाने भरली. त्या दिवसांत लोक वडापने, खासगी बसने दुप्पट पैसे देऊन गावी गेले. बाबा त्यांच्यावर कधी चिडले नाहीत. म्हणायचे, ज्याला जायचंय तो जाणारच, त्याच्या घरीही कुणीतरी वाट बघतंय. बाबांना लागायचं ते वेगळंच. शेजारच्या काकू रोज जिन्यात विचारायच्या, “कधी संपणार हो तुमचं?” ते ‘तुमचं’ त्यांना फार लागायचं. जणू त्यात काकूंचा काही संबंधच नाही. त्याच काकू तीस वर्षं त्यांच्या गाडीने सासवडला जायच्या.

म्हणून ताई, तुम्ही विमानात बसलात तर संपफोड्या ठरत नाही. आणि दादा, ‘मालकाच्या दारात करा’ म्हणता, तर बाबा आझाद मैदानात बसून आले. मालकाच्या दारात बसलेल्याकडे बस बंद झाल्याशिवाय कुणी बघत नाही.

हिंजवडीकर

बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण त्यांची लढाई खरी होती म्हणून माझ्या आईने विमानतळावर रात्र काढावी, हे मी मान्य करणार नाही. नोटीस दिलीय ते चांगलं केलं, निदान तयारीला वेळ मिळतो. अचानक सगळ्यांनी रजा टाकायची पद्धत चुकीचीच. नव्या कामगार कायद्यात, म्हणजे औद्योगिक संबंध संहितेत, निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संपच धरतात, ते मला योग्य वाटतं.

धागाकर्ती

मला नाही वाटत. संपाचे सगळे रस्ते नियमाने अरुंद केले की माणसं रजेच्या अर्जाकडेच वळतात.

एजंटकाका, तुमचं ऐकते, तिकीट ठेवते. गुरुवारपर्यंत तडजोड झाली तर जाईन आणि क्रूशी दोन शब्द बोलेन. संप सुरू झाला आणि विमान तात्पुरत्या क्रूवर उडालं, तर मी चढणार नाही. मावसबहिणीला आज रात्रीच फोन करून तसं सांगते. कुंची आणि वाळा कुणाबरोबर पाठवता येईल का, तेही बघते.