मदत हवी आहे: दीड वर्षाच्या मुलासाठी स्प्लॅश पॅड, डॅलस परिसर

प्लेनो, फ्रिस्को, अर्व्हिंग भागातला कुठला स्प्लॅश पॅड (मुलांची फवाऱ्यांत खेळायची जागा) सुचवाल? फोटो सगळ्यांचेच छान असतात, पाण्याबद्दल कोणी लिहीत नाही. तिथलं पाणी एकदा वापरून सोडून देतात की टाकीत जमून पुन्हा फवाऱ्यात येतं? पुन्हा येत असेल तर क्लोरीन किमान १ पीपीएम आणि पीएच ७ ते ७.८ हवा. फवाऱ्यात उडताना क्लोरीन भराभर घटतं, त्यामुळे रोजच्या तपासणीची नोंद बघायला मिळते का? (आर्लिंग्टनमध्ये २०२१ साली स्प्लॅश पॅडच्या पाण्यातल्या अमिबाच्या संसर्गाने एक मूल दगावलं, आणि तिथे पाण्याच्या रोजच्या तपासणीच्या नोंदी नीट नव्हत्या.) क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी तर योग्य क्लोरीनमध्येही आठवडाभराहून जास्त जगतो, त्यामुळे पाणी शुद्ध करणारी यूव्ही (अतिनील किरणांची) यंत्रणा असलेली जागा असेल तर उत्तमच.

बाकी, जमिनीतून हळू उडणारे फवारे, खरखरीत फरशी आणि सावली हवी. वरून बादली ओतणारे खेळ नकोत. रबरी फरशी भर उन्हात कितपत तापते?

डायपर दर तासाला बघावा लागतो, तर बदलायची जागा पाण्यापासून लांब आहे ना? स्विम डायपर पातळ शी अडवत नाही. जुलाब झालेल्या मुलांना आणू नका, ही पाटी नुसतीच असते की कोणी लक्षही देतं?